'बाबा' या नोंदीस दुजोरा मिळणेबाबत

४ मार्च

प्रति,
वरिष्ठ लिफ्ट-तंत्रज्ञ यांस,

महोदया,

विषय: 'बाबा' या शब्दाच्या मौखिक नोंदीस दुजोरा मिळणेबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीतील 'ब' अक्षराचा खंड ३० एप्रिल रोजी छापखान्यात जात आहे. 'बाबा' या शब्दाचा तिसरा अर्थ, 'जन्म दिला नसून ज्याने वाढवले तो पुरुष', यासाठी आमच्या संग्रहात प्रत्यक्ष वापराचे एकच कार्ड आहे. कार्यालयाच्या नियमानुसार, तोंडी वापराची नोंद छापण्यापूर्वी बोलणाऱ्या व्यक्तीची सही आवश्यक असते. सदर कार्डावरील बोलणारी व्यक्ती आपण आहात (वय तेव्हा नऊ, स्थळ चपलांचे दुकान). कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. खालच्या ओळीवर सही करून ती परत पाठवावी. सही न मिळाल्यास तिसरा अर्थ वगळणे भाग पडेल.

कळावे.

आपला विश्वासू,
सहसंपादक, 'प' ते 'म' विभाग

ता. क. पत्ता तुझ्या आईकडून मिळाला. तिने तो सहजासहजी दिला नाही.

ता. क. नव्या घरात सकाळचं ऊन येतं असं तिच्याकडून कळलं. चांगलं आहे.


१६ मार्च

चि. भिंगरीस,

बारा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. टपालवाल्यांना दोष देऊन मोकळा होणार होतो, पण तुझ्या आईने फोनवरून बातमी काढली. पत्र तुला दुसऱ्याच दिवशी मिळालं, तू ते उभ्या उभ्या वाचलंस आणि फ्रिजवर चिकटवलंस. का चिकटवलंस ते तिने विचारलं नाही. मी मात्र दोन दिवस तेवढाच विचार करतो आहे. फ्रिजवर लोक करायच्या कामांची यादीही लावतात आणि हसण्यासारखं काही सापडलं तर तेही लावतात.

त्या पत्राची स्थळप्रत तुझ्या आईने वाचली. (घरच्या पत्राचीसुद्धा मी स्थळप्रत ठेवतो, हे तुला माहीत आहे. त्यावरून तुम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून हसायचात, हे मला माहीत आहे.) वाचून ती म्हणाली, "चार वर्षांनी पोरीला पत्र लिहिलंत आणि सुरुवात 'महोदया'?" तेव्हापासून मी घरात महोदय झालो आहे. महोदय, पाणी तापलंय. महोदय, चष्मा डोक्यावरच आहे.

ऑफिसचं सांगतो. आमची लिफ्ट चौदा महिने बंद आहे. कार्डांची कपाटं चौथ्या मजल्यावर आणि शब्द विचारायला येणारी माणसं तळमजल्यावर, अशी सगळी व्यवस्था. मुख्य संपादक म्हणजे आमच्या थोरल्या बाई, त्यांचं वय आता सत्तरीपुढे गेलं. त्या प्रत्येक वळणावर थांबतात आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून तिथेच उभं राहून कोणाची तरी खरडपट्टी काढतात. दुसऱ्या मजल्याचं वळण माझ्या वाट्याला आलं आहे.

आणि आमचे मूळपुरुष. तुला आठवत असतील, शब्दांची मुळं शोधणारे, तू लहानपणी ज्यांच्या टेबलाखाली लपायचीस ते. 'बाबा' शब्दाचं मूळ त्यांनी मला तीन दुपारी समजावून सांगितलं. जुने व्याकरणकार 'पिता' हा शब्द 'पा' या धातूपासून आला असं सांगतात. 'पा' म्हणजे राखणं, सांभाळणं. जन्म देणाऱ्यासाठी 'जनक' हा वेगळा शब्द आहेच. म्हणजे त्या हिशेबाने पाहिलं तर पिता व्हायला आधी राखण करावी लागते, बाकीचं नंतर बघता येतं. हे ऐकून मी इतका खूश झालो की त्यांचाही चहा मीच खालून वर आणला. तिसऱ्या दुपारी मात्र ते म्हणाले, "फार हुरळू नका, नवे अभ्यासक वेगळंच सांगतात." ते वेगळं काय, हे मला अजून पटलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

आता कार्डाबद्दल. तू चार वर्षांपूर्वी माझ्या खणात ते पाहिलंस आणि भलताच समज करून घेतलास. ते मी दुकानात लिहिलं नव्हतं. रात्री घरी आल्यावर, सगळं आटोपल्यावर, आठवण राहावी म्हणून लिहिलं. आठवण लिहून ठेवणं हा काही गुन्हा नाही. तेवढं लक्षात घे आणि सही करून टाक.

तुझ्या आईचे यजमान


२४ मार्च

प्रति,
सहसंपादक, 'प' ते 'म' विभाग

महोदय,

आपले ४ मार्चचे पत्र मिळाले. १६ मार्चचेही मिळाले, परंतु त्यावर विषय लिहिलेला नसल्याने त्याची रीतसर दखल घेता येत नाही.

कार्डाची पाहणी केली. कार्डावर शब्द, वाक्य ("बाबा, हा बूट टोचतोय"), बोलणारी, स्थळ व तारीख हे रकाने भरलेले आहेत. 'ऐकणाऱ्याचा प्रतिसाद' हा रकाना कोरा आहे. आमच्या कामात कोणी बटण दाबले आणि लिफ्ट आलीच नाही, तर 'बटण दाबले' एवढ्यावर काम पूर्ण झाल्याची सही कोणी करत नाही.

कार्ड घरी लिहिल्याचे आपण कळवता. ते दुकानातच लिहिले गेले. आपण बाकावर बसला होतात. माझा जुना बूट आपल्या मांडीवर होता आणि कार्ड त्याच्या तळव्यावर टेकवले होते. मी समोर उभी होते, एका पायात नवा बूट आणि दुसऱ्या पायात मोजा. "काय लिहिताय?" असे विचारले असता "काम आहे" असे उत्तर मिळाले.

सबब, सही करता येत नाही.

आपली,
वरिष्ठ लिफ्ट-तंत्रज्ञ

ता. क. आईला सांगावे, ऊन येते, पण दहानंतर.


२९ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. तुझी आई एकदाच वाचून इतकी हसली की तिला बसावं लागलं. म्हणाली, "ही तुमचीच. 'सबब' लिहिणारी दुसरी मुलगी दाखवा मला." मग डोळे पुसत आत गेली. डोळे हसून ओले झाले होते की कसे, ते मला सांगता येणार नाही.

तू लिहिलंस ते खरं आहे. कार्ड मी दुकानातच लिहिलं. मागच्या पत्रात मी खोटं बोललो. वेळ मारून नेण्याचा प्रयत्न होता, तोही वाईट.

आता जे झालं ते सांगतो. तुझ्या आईशी माझं लग्न झालं तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुझे जन्मदाते जाऊन पाच वर्षं झाली होती. हॉलमधला त्यांचा फोटो दर रविवारी मी पुसतो, अजूनही पुसतो, त्यांच्याशी माझं कधीच वाकडं नव्हतं. तू मला काका म्हणायचीस. दोन वर्षं काका. मी मनाशी ठरवलं होतं की तुला काहीही म्हणायला सांगायचं नाही. शब्द कोणाच्या तोंडात घालायचा नसतो, तो आपणहून यावा लागतो, हे तर माझ्या धंद्यातलं पहिलं कलम. पण खरं सांगू का, मी वाट बघत होतो. शाळेच्या फाटकाशी, जिन्यात, तुझ्या सायकलमागे धावताना. दोन वर्षं कान लावून बसलो होतो.

आणि त्या दुकानात, काही ध्यानीमनी नसताना, तू म्हणालीस, "बाबा, हा बूट टोचतोय."

समोर दुकानदार, शेजारी आणखी दोन गिऱ्हाइकं. आयुष्यात मला एकच गोष्ट धड येते, ऐकलेला शब्द विरायच्या आत टिपून ठेवणं. खिशात कोरी कार्डं असायचीच. मी पेन काढलं. शब्द, वाक्य, वय, स्थळ, तारीख. 'ऐकणाऱ्याचा प्रतिसाद' या रकान्याशी आलो आणि अडलो, कारण ऐकणारा कोण हेच माझ्या डोक्यात शिरेना. एकोणीस वर्षं मी हा रकाना दुसऱ्या माणसांसाठी भरत आलो होतो. तो कोरा ठेवला. वर पाहिलं तोवर तू तो टोचणारा बूट काढून ठेवला होतास.

त्यानंतर तू मला कुठल्याच नावाने हाक मारली नाहीस. काका नाही, बाबा नाही. "ऐका ना" आणि "जरा इकडे बघता" यांवर तू पंधरा वर्षं निभावून नेलीस. मी मनाची समजूत घातली की मोठ्या होणाऱ्या मुली अशाच असतात.

मग तू नोकरीसाठी निघालीस, चावी शोधायला माझा खण उघडलास आणि कार्ड हातात घेऊन आलीस. म्हणालीस, "म्हणजे मी तुम्हाला नमुना म्हणून मिळाले होते." त्या क्षणी काहीही बोललो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "पण नोंद उत्तम आहे." चार वर्षांत हे वाक्य किती वेळा आठवलं त्याची गणती नाही. जिना चढतानासुद्धा आठवतं, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे दिवसातून सहा वेळा चढतो.

आणखी एक कबुली राहिली. तिसऱ्या अर्थासाठी एकच कार्ड आहे हे खरं, पण दुसरी मिळवणं अवघड नाही. मूळपुरुष म्हणाले की शाळेच्या फाटकाशी दोन दिवस उभे राहा, अशी दहा कार्डं मिळतील. मी नको म्हणालो. सही तुझी हवी होती मला. शब्दकोशाचं निमित्त पुढे केलं, कारण नुसतं "तू मला अजून बाबा समजतेस का" एवढंच विचारण्याचा धीर नव्हता. आताही ते वाक्य लिहून खोडलं होतं, मग पुन्हा लिहिलं.

मूळपुरुषांनी तिसऱ्या दुपारी सांगितलेलं नवं मूळ ते असं. पृथ्वीच्या पाठीवर दूरदूरच्या, एकमेकींशी काही नातं नसलेल्या भाषांमध्येही बापासाठी बाबा, पापा, ताता असलेच शब्द सापडतात. कारण तान्ह्या मुलाला ओठ मिटून उघडता आले की पहिल्यांदा हेच आवाज निघतात. मुलाला त्यातून काही म्हणायचं नसतं. ते नुसतं बडबडत असतं. जवळ बसलेलं मोठं माणूस वळून म्हणतं, "मला बोलावलं." आणि मुलाकडे जातं. असं पुन्हा पुन्हा झालं की तो शब्द ठरतो. मला हे आधी पटलं नव्हतं, फार हलकं वाटलं होतं. तुझ्या पत्रानंतर पटलं. मी वळलोच नव्हतो, पेन काढून बसलो होतो.

म्हणून ते कार्ड मी काल सकाळी थोरल्या बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि नोंद मागे घेत असल्याचं लिहून दिलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, प्रतिसादाअभावी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागद खणात ठेवला. तिसरा अर्थ आता वगळला जाईल. तुझ्यावर सहीचं ओझं राहिलं नाही.

मला माफ कर. त्या दिवसाबद्दल, आणि "नोंद उत्तम आहे" याबद्दल तर जास्तच.

मी


८ एप्रिल

प्रति,
सहसंपादक, 'प' ते 'म' विभाग

महोदय,

विषय: आपल्या कार्यालयाची लिफ्ट.

आपल्या २९ मार्चच्या पत्रात, दिवसातून सहा वेळा जिना चढावा लागतो असा उल्लेख आहे. आपले वय व गुडघे यांची माहिती या कार्यालयास आहे. आपल्या इमारतीची लिफ्ट आमच्याच कंपनीकडे असून, चौदा महिन्यांपूर्वीची तक्रार तुमच्या शहरातल्या शाखेत एका फायलीखाली पडून होती. ती काढून घेतली आहे.

शुक्रवार दि. १७ रोजी सकाळी दहा वाजता दोन तंत्रज्ञ येतील. लिफ्टच्या खोलीची चावी तयार ठेवावी. स्वागत वगैरे करू नये.

आपली,
वरिष्ठ लिफ्ट-तंत्रज्ञ

ता. क. १६ मार्चच्या पत्राला मी मागाहून विषय देऊन टाकला आहे. तेही फ्रिजवर आहे. २९ तारखेचं नाही. ते आत कपाटात ठेवलंय.


१९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तू आणि तुझ्यासोबत आलेली दुसरी तंत्रज्ञ काल सकाळी परत गेलात आणि तुझी आई तेव्हापासून तू काय काय खाल्लंस याची यादी मला ऐकवते आहे. मी गाडीपर्यंत आलो, पण बोलायचं ते बोललो नाही. तू शुक्रवारी चौथ्या मजल्यावर होतीस, त्यामुळे खाली काय झालं ते तुला दिसलं नाही. ते तुला कळायला हवं म्हणून हे पत्र.

शुक्रवारी मी आठलाच ऑफिसात पोचलो होतो. इस्त्रीचा शर्ट होता. वॉचमन म्हणाला, "साहेब, निवृत्त होताय का आज?" दहाला तू आलीस. निळा डगला, केस बांधलेले, खांद्यावर पिशवीचा पट्टा. चार वर्षांत तुझी चाल बदलली आहे, पाय रोवून चालतेस. तू वॉचमनच्या वहीत नाव लिहिलंस, माझ्यासमोर हात पुढे केलास आणि म्हणालीस, "सहसंपादकसाहेब, चावी." मी चावी दिली. स्वागत करू नये असं लेखी आल्यामुळे मी दुसरं काहीच केलं नाही. तुझी हत्यारांची पिशवी वॉचमनच्या टेबलापाशी राहिली आणि तू लागेल तेवढं कमरेला लावून वर गेलीस. मला वाटलं, झालं, एवढंच आहे, आणि एवढं आलं तरी पुष्कळ आलं.

मग मी 'भ'ची मुद्रितं घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो. टेबलाशी बसवत नव्हतं. चपलेत खडा गेला होता म्हणून एक चप्पल काढली होती. साडेअकराच्या सुमाराला वरून, चार मजल्यांवरून, तुझा आवाज आला.

"बाबा, सतरा नंबरचा पाना द्या हो वर."

आमच्या इमारतीत अकरा पुरुष काम करतात, त्यातले आठ कोणाचे तरी बाबा आहेत. वॉचमनचं सांगणं असं की वरची एक-दोन दारं उघडली, माणसं बाहेर डोकावली आणि पुन्हा आत गेली. मी त्यातलं काही पाहिलं नाही. मला एवढंच आठवतं की पाना माझ्या हातात होता आणि मी तिसऱ्या मजल्यावर होतो. मधलं काही आठवत नाही. कार्डाचा विचार मनात आला नाही. खिशात पेन होतं, हे मला संध्याकाळी शर्ट काढताना कळलं.

तू ठरवून तसं म्हणालीस की कामाच्या नादात तोंडून गेलं, हे मी तुला विचारलं नाही आणि विचारणार नाही. दोन्हींतलं काहीही असलं तरी मला चालेल.

आता मुद्दा असा की थोरल्या बाई त्या वेळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम घेत उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारून गेलो आणि त्यांना वाट द्यायलाही थांबलो नाही, हे त्यांनी नंतर मला सुनावलं. त्यांच्या पर्समध्येही कोरी कार्डं असतात. त्यांनी तिथेच, कठड्यावर टेकवून, एक भरलं. शनिवारी माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "ऐकणाऱ्याने स्वतःची नोंद करायची नाही, असा नियम आजपासून. इतकी वर्षं तो नव्हता याचं नवल वाटतं." त्यांच्याच अक्षरातलं कार्ड सोबत पाठवतो आहे. शेवटचा रकाना तू आवर्जून वाच. त्यात लिहिलंय: 'ऐकणाऱ्याने तत्काळ "ओ, आलो" असे उत्तर दिले. हातातील मुद्रिते जिन्यावर टाकून धावत गेला. एकाच पायात चप्पल होती.'

माझ्या तोंडून "ओ" निघाल्याचं मला या कार्डावरूनच कळलं.

खाली सहीची ओळ आहे. मुदत तीस तारखेची. सही केलीस तर तिसरा अर्थ आवृत्तीत येईल, नाही केलीस तर पुढच्या आवृत्तीत कोणा दुसऱ्याच्या कार्डावर येईल. मूळपुरुष तर तो पहिला अर्थ म्हणून छापा असं म्हणू लागले आहेत आणि थोरल्या बाई त्यांना वळणावर गाठणार आहेत. माझ्यापुरता प्रश्न सुटला आहे, तेव्हा घाई करू नकोस.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितलेली नाही, तुझ्या आईलाही नाही. मी धापा टाकत वर आलो, तुझ्या हातात पाना दिला. तू त्याच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, माझ्या पायाकडे. म्हणालीस, "हाच." आणि मला पायरीवर बसवून पाणी दिलंस. तू पुन्हा कामाला लागलीस आणि मी तिथेच बसून बघत राहिलो. अर्ध्या तासाने लिफ्ट हलली, अख्खी इमारत टाळ्या वाजवत होती. संध्याकाळी तुझी पिशवी भरायला मी हात लावला, तेव्हा सतरा नंबरचा पाना तिच्यात तळाशी तसाच होता, हातही न लागलेला. मी वर आणला होता तो अकराचा. आयुष्यभर मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला दोन आकडे धड वाचता आले नाहीत. तू तो अकराचा डगल्याच्या खिशात ठेवून दिलास, तुझं काम दुसऱ्या कशाने तरी भागवलंस आणि मला परत खाली पाठवलं नाहीस.

तुझा,
बाबा